परसबागेचा हिशेब मे महिन्याच्या पाण्यावर

मराठवाड्यात परसबाग लावताना रोपांची संख्या मृगाच्या पावसाकडे पाहून नव्हे, तर मे महिन्यात घरात जेवढे पाणी उरते त्यावरून ठरवावी. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण कुणीच विसरलेलो नाही. जूनमध्ये हौसेने लावलेली वीस रोपे एप्रिलमध्ये डोळ्यांदेखत करपण्यापेक्षा आठच लावावीत आणि ती जगवावीत.

उन्हाळ्यासाठी मडक्यासारखा दुसरा उपाय मला ठाऊक नाही. रंग किंवा तकाकी नसलेले, पाच-सात लिटरचे भाजके मडके घ्यावे, ते भरून रात्रभर ठेवावे आणि सकाळी बाहेरून हात फिरवून पाहावा. तळवा ओलसर झाला तर मडके झिरपते आहे असे समजावे. ते गळ्यापर्यंत पुरून भोवती वीतभर अंतरावर वांगी, मिरची किंवा दोडक्याचा वेल लावावा. माती कोरडी झाली की ती मडक्यातले पाणी ओढून घेते आणि ओली असली की झिरपणे मंदावते, त्यामुळे पाणी वाया जात नाही. तोंडावर झाकण मात्र हवेच, नाहीतर डास होतात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने मडक्याची छिद्रे हळूहळू बुजतात. पाणी उतरेनासे झाले की मडके बदलावे. रोपांच्या बुडाशी सोयाबीनचा भुसा किंवा उसाचे पाचट चार बोटे जाड पसरावे आणि पश्चिमेकडून शेडनेट बांधावी, कारण दुपारनंतरचे ऊनच जास्त भाजते.

मृगात घाई करू नये. पहिल्या सरीने माती फक्त वरून भिजते. हातभर काठी सहज आत जाईल इतकी ओल झाल्यावरच भेंडी, गवार आणि शेवगा लावावा. आपली काळी माती उन्हात भेगाळते तशी पावसात चिबडते, म्हणून पावसाळी भाजी गादीवाफ्यावरच, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेल्या वाफ्यावरच घ्यावी आणि कुंडीत नुसती काळी माती कधीही भरू नये. निम्मे शेणखत व थोडी वाळू मिसळावी. पानांचा रस शोषणारी मावा ही बारीक कीड दिसताच पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा.

खरा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो. मेथी, पालक आणि कोथिंबीर दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी. धने मात्र आधी रगडून दोन फाकी कराव्यात, अख्खे धने उगवायला फार वेळ घेतात. टोमॅटोची रोपेही याच सुमारास लावावीत, कारण पारा पस्तीसच्या वर गेला की त्याची फुले गळतात आणि पाणी घालूनही फळ धरत नाही. होळीच्या सुमारास पालेभाज्यांचे वाफे मोकळे करावेत, राहिलेली रोपे मोजावीत आणि त्यांना पुरतील एवढीच मडकी पुन्हा भरून ठेवावीत.