आंतरजोडणीची मागणी कशी करावी: नव्या दूरध्वनी कंपनीसाठी मार्गदर्शन

दूरध्वनी सेवेचा परवाना मिळाला, कॉल जोडून देणारे यंत्र म्हणजे स्विच बसला आणि ग्राहकही नोंदले गेले, तरी त्या ग्राहकांचे फोन इतर कंपन्यांच्या ग्राहकांना लागत नसतील तर ती सेवा कोणीही विकत घेणार नाही. दोन कंपन्यांची जाळी जिथे एकमेकांना भेटतात त्या जागेला पॉइंट ऑफ इंटरकनेक्शन, म्हणजेच पीओआय, असे म्हणतात. तिथले पोर्ट, म्हणजे कॉल एका जाळ्यातून दुसऱ्यात नेणाऱ्या जोडणीच्या जागा, बहुतेक वेळा जुन्या आणि मोठ्या कंपनीच्या ताब्यात असल्यामुळे, स्पर्धकाला वेळेवर आणि भेदभाव न करता जोडणी देण्याचे बंधन कायद्याने तिच्यावर घातले आहे. 1997 च्या ट्राय कायद्याने परिणामकारक आंतरजोडणी घडवून आणण्याची जबाबदारी दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ट्रायकडे, सोपवली. त्या अधिकारात केलेली दूरसंचार आंतरजोडणी विनियमावली 1 फेब्रुवारी 2018 पासून अमलात आहे. तिच्या आधाराने मागणी कशी करावी आणि मागणी रखडल्यास काय करावे, याची ही मांडणी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी. या विनियमावलीतील जवळजवळ प्रत्येक हक्क लेखी मागणी पोहोचल्याच्या तारखेपासून सुरू होतो. बैठकीत मिळालेला होकार, फोनवर दिलेला शब्द किंवा ‘तुमचे काम हातात घेतले आहे’ असे तोंडी आश्वासन यांमुळे मुदतीचा एक दिवसही मोजला जात नाही. म्हणून पहिल्या पत्रापासून पोच घेण्याची आणि आवक-जावक नोंदवही ठेवण्याची सवय लावावी. तांत्रिक चमूला हे कारकुनी काम वाटते, पण पुढे वाद झाला तर सगळा भार याच नोंदवहीवर येतो.

पत्र लिहिण्यापूर्वी आपल्या परवान्याचा प्रकार आणि सेवाक्षेत्र तपासावे. देशात 22 परवानाक्षेत्रे आहेत आणि जोडणीची मागणी क्षेत्रनिहाय करावी लागते. राज्याचा नकाशा आणि दूरसंचाराचा नकाशा एक नसल्यामुळे आपल्याकडे येथे हमखास गोंधळ होतो: मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण यांचे मुंबई हे स्वतंत्र क्षेत्र आहे, तर उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून महाराष्ट्र क्षेत्र होते. पुण्यात आणि मुंबईत सेवा देणाऱ्या कंपनीला त्यामुळे दोन मागण्या कराव्या लागतात, दोन ठिकाणी पीओआय घ्यावे लागतात आणि तक्रारीही दोन होतात. दुसऱ्याचे जाळे घाऊक भावाने घेऊन आपल्या नावाने सेवा विकणाऱ्या आभासी कंपन्यांनी, म्हणजे व्हीएनओंनी, मात्र या मार्गावर विसंबू नये. 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूळ जाळ्याच्या मालकाशी त्यांचा करार परस्पर संमतीनेच व्हायचा असल्यामुळे नकार मिळाला तर विनियमावली दाखवून उपयोग होत नाही.

पात्रता स्पष्ट असेल तर पहिले पत्र कराराच्या मागणीचे असावे. अशी मागणी मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत भेदभावरहित तत्त्वावर आंतरजोडणी करार करणे समोरच्या कंपनीला बंधनकारक आहे. पत्रात परवान्याचा क्रमांक व दिनांक, सेवाक्षेत्र, आपल्या स्विचचे ठिकाण, जोडणी कोणत्या पातळीवर हवी आहे ते, आणि बोलणी करून सही करण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याचे नाव असावे. सोबत कराराचा मसुदा आपणच जोडलेला बरा, कारण मसुद्याची वाट पाहण्यातच महिना निघून जातो आणि मग विलंबाचे खापर नेमके कोणावर फोडायचे हे ठरवता येत नाही. दरांबाबत हेही माहीत असावे की मोबाइलवरून मोबाइलवर केलेला देशांतर्गत कॉल समोरच्या जाळ्यावर संपवण्याचे शुल्क, जे 2015 पासून मिनिटाला 14 पैसे आणि ऑक्टोबर 2017 पासून 6 पैसे होते, ते 1 जानेवारी 2021 पासून शून्य झाले आहे. उभारणी, जागा, वीज आणि बँक गॅरंटी यांचे खर्च मात्र उरतातच. तेथे वाजवीपणा, पारदर्शकता आणि भेदभावाचा अभाव हे निकष लावून, हाच दर इतर कंपन्यांना लावला आहे का, असे लेखी विचारावे.

खरी झुंज करारानंतर, पोर्टांच्या संख्येवरून होते, आणि या टप्प्यावर नुसते ‘पोर्ट अपुरे आहेत’ असे लिहून भागत नाही. पारंपरिक ई-वन पोर्टवर एका वेळी 30 संभाषणे चालतात. पीओआयवर हजारात पाचपेक्षा जास्त कॉल अडू नयेत, म्हणजे गर्दी 0.5 टक्क्याच्या आत राहावी, असा सेवागुणवत्तेचा निकष आहे. एक वाहिनी तासभर अखंड व्यापलेली असणे म्हणजे एक अर्लांग. निकष पाळायचा तर अर्लांगच्या कोष्टकानुसार 30 वाहिन्यांवर गर्दीच्या तासात सुमारे 19 अर्लांग, म्हणजे 1,140 मिनिटांचे संभाषण, इतकाच भार टाकता येतो. एक संभाषण सरासरी तीन मिनिटांचे धरले तर तासाला हे 380 कॉल झाले. दोन ई-वन एकाच गटात असतील तर क्षमता दुप्पट 38 नव्हे, तर सुमारे 44.8 अर्लांग होते. त्यामुळे थोडे पोर्ट चार ठिकाणी विखरून देऊ करणारा प्रस्ताव संख्येने भरघोस दिसला तरी क्षमतेने तोट्याचा असतो, हे सही करण्यापूर्वी पाहावे.

वाढीव पोर्ट मागण्याची कसोटीही अशीच आकड्यांची आहे: मागणीच्या दिवसापासून 60 दिवसांनी पीओआयच्या क्षमतेचा वापर 85 टक्क्यांच्या पुढे जाण्याची शक्यता असेल तर वाढीव पोर्ट मागता येतात, आणि तो अंदाज मागील 60 दिवसांतील गर्दीच्या तासाच्या दैनंदिन वाहतुकीवरून काढायचा असतो. हिशोबापुरते असे धरू, की वरच्या दोन ई-वनच्या गटावर 60 दिवसांपूर्वी 28 अर्लांग भार होता आणि आज तो 34 आहे. हीच चढण राहिली तर आणखी 60 दिवसांनी तो 40 होईल. 44.8 चे 85 टक्के सुमारे 38 होतात, म्हणजे आज एकही कॉल अडत नसला तरी मागणीचा हक्क आजच तयार झालेला आहे. ग्राहकांच्या तक्रारी येईपर्यंत थांबणाऱ्या कंपन्या हीच संधी गमावतात. मागणीपत्रासोबत साठही दिवसांचा तक्ता, प्रत्येक दिवसाचा गर्दीचा तास, वाहून नेलेला भार आणि अडलेले कॉल यांसह जोडावा. तो आपल्या स्विचमधून रोज आपोआप निघेल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी, कारण जुने आकडे नंतर जमवून दिले की त्यांच्या खरेपणावरच शंका घेतली जाते.

पोर्ट पुरवण्याची कमाल मुदत विनियमावलीत मुळात 30 दिवसांची होती; जुलै 2018 च्या दुरुस्तीने ती 42 दिवसांवर नेली. दिवस कसे मोजायचे ते दुरुस्त मजकुरातूनच पाहावे आणि अखेरची तारीख आपल्या पत्रात स्पष्ट लिहून टाकावी. दर सहा महिन्यांनी द्यायचा वाहतुकीचा पूर्वअंदाजही वेळेवर पाठवावा. तो चुकला तर ‘तुम्हीच आधी कळवले नाही’ हे आयते उत्तर समोरच्याला मिळते.

अंदाज आणि तारखा यांवरून केवढे रामायण होऊ शकते हे 2016 मध्ये दिसले. त्या वर्षी 5 सप्टेंबरला रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या जाळ्यावरून एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांच्याकडे जाणाऱ्या कॉलपैकी 75 टक्क्यांहून अधिक कॉल अडत असल्याचे ट्रायने नोंदवले. जुन्या कंपन्यांचे म्हणणे असे, की मागणी चाचणीच्या काळातली आहे आणि करारात 90 दिवसांची मुदत आहे. ट्रायने 21 ऑक्टोबर 2016 रोजी तिन्ही कंपन्यांवर मिळून 3,050 कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. नव्या विनियमावलीत मुदती आखडल्या गेल्या त्यामागे हा अनुभव होता. तरीही चाचणी केव्हा संपली आणि व्यावसायिक सेवा केव्हा सुरू झाली, हे समोरच्या कंपनीला आधी लेखी कळवून ठेवावे.

मुदत उलटल्यावर एक स्मरणपत्र पाठवून थेट ट्रायकडे निवेदन करावे. विनियमभंगासाठी प्रत्येक परवानाक्षेत्रामागे दिवसाला कमाल एक लाख रुपयांपर्यंत आर्थिक भुर्दंड लावता येतो. मोठ्या कंपनीला ही रक्कम फारशी जड नाही, त्यामुळे केवळ तिच्या धाकावर विसंबून राहू नये असे माझे मत आहे. दोन कंपन्यांमधील वादाचा निवाडा टीडीसॅट हे न्यायाधिकरण करते. दिवाणी न्यायालयात जाता येत नाही, आणि टीडीसॅटच्या निर्णयावर अपील सर्वोच्च न्यायालयात होते. कॉल अडतच असतील तर मूळ अर्जासोबत अंतरिम आदेशाचा अर्जही करावा, आणि त्याला साठ दिवसांचा तोच तक्ता जोडावा.

चुकीच्या दारात जाऊन वेळ घालवू नये, कारण दोन निकालांनी हद्दी आखून दिल्या आहेत. तक्रार विनियमावरच असेल, म्हणजे नियमच अन्यायकारक वाटत असेल, तर टीडीसॅटला तो तपासता येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयातच जावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये बीएसएनएलच्या प्रकरणात ठरवले. कंपन्यांनी संगनमताने जोडणी अडवली असा संशय असेल तर स्पर्धा आयोगाकडे जाण्याचा मोह होतो. जिओच्या वादात आयोगाने दिलेला चौकशीचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2017 मध्ये रद्द केला, आणि जोडणी देण्यात कसूर झाली की नाही हे आधी ट्रायने ठरवावे, आयोगाचा विचार त्यानंतर, ही भूमिका 5 डिसेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. तेव्हा संगनमताचा पुरावा हाती असला तरी पहिला अर्ज ट्रायकडेच द्यावा.