नाताळच्या खोक्यात काय भरावे? परदेशी मुलांसाठी पुण्यातून करायच्या खरेदीविषयी

पुण्यातल्या कितीतरी घरांतले आजी-आजोबा दिवाळीच्या आगेमागे मुलांकडे अमेरिकेला किंवा इंग्लंडला जातात. तिथे नोव्हेंबर महिन्यात नातवंडांच्या हातात बुटांचा एक रिकामा खोका दिसू लागतो. (आपल्याकडे अलीकडे खोका म्हटले की वेगळेच काही आठवते, इथे मात्र तो खरोखरच पुठ्ठ्याचा असतो.) खेळणी, शाळेचे साहित्य आणि रोजच्या वापराच्या वस्तू यांनी तो भरून द्यायचा असतो आणि पुढे तो तिसऱ्याच एखाद्या देशातल्या, आपण कधीही न पाहिलेल्या मुलाच्या हाती पडतो. आमच्या घरातून गेली सहा वर्षे दर वर्षी असे दोन खोके जातात. त्यांतल्या निम्म्याअधिक वस्तू पुण्यातच स्वस्त आणि चांगल्या मिळतात, हे ध्यानात आल्यापासून आम्ही ती खरेदी निघण्यापूर्वी इथेच उरकतो.

आधी खोक्याचा प्रवास समजून घ्यावा

असे उपक्रम अनेक संस्था चालवतात, परंतु सर्वांत मोठा आहे तो ‘ऑपरेशन ख्रिसमस चाइल्ड’. १९९० मध्ये वेल्समधील रेक्सम येथील डेव्ह आणि जिल कुक या दांपत्याने रुमानियातील अनाथालयांतल्या मुलांसाठी भेटवस्तूंनी भरलेले ट्रक नेले. त्यातून हा उपक्रम उभा राहिला आणि १९९३ पासून ‘समॅरिटन्स पर्स’ ही अमेरिकी संस्था तो चालवते. आजवर २० कोटींहून अधिक खोके या मार्गाने गेले आहेत. अमेरिकेत ते नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास जमा करून घेतात आणि वाहतुकीसाठी दर खोक्यामागे साधारण १० डॉलर देणगी अपेक्षित असते.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. ही संस्था ख्रिस्ती धर्मप्रचारक आहे, खोक्यांचे वाटप स्थानिक चर्चमार्फत होते आणि त्यासोबत मुलांना ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारे साहित्यही दिले जाते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी संकोच न करता दुसरी संस्था शोधावी. खोका भरून दिल्यावर हळहळत बसण्यापेक्षा ही चौकशी खरेदीआधी करणे अधिक शहाणपणाचे आहे.

वय ठरवावे आणि एकाच मुलाचा विचार करावा

या उपक्रमात २ ते ४, ५ ते ९ आणि १० ते १४ असे तीन वयोगट असतात, आणि खोक्यावर वयोगटासह मुलगा की मुलगी हेही लिहावे लागते. आमच्या अनुभवाप्रमाणे लोक हौसेने लहानग्यांचे खोके भरतात आणि मोठ्या मुलांना, विशेषतः १० ते १४ वयाच्या मुलग्यांना काय द्यावे हे न सुचल्यामुळे तो गट टाळतात. त्यामुळे पहिला खोका भरणाऱ्यांनी मुद्दाम हाच गट निवडावा असे मी सुचवेन.

त्यानंतरचा नियम एकच आहे आणि बाकी सगळे त्यातूनच निघते. वस्तू हातात घेतल्यावर स्वतःला विचारावे, की ही वापरायला आणखी कशाची गरज लागेल? पेन्सिलीला टोकयंत्र लागते, चेंडूला पंप लागतो, गोष्टीच्या पुस्तकाला भाषा लागते आणि दिवे लुकलुकणाऱ्या खेळण्याला सेल लागतात. ती दुसरी गोष्ट खोक्यात घालता येत असेल तर दोन्ही घालाव्यात, नसेल तर वस्तू परत ठेवावी. खोका उघडणाऱ्या मुलाच्या गावात ते दुकान असेलच असे आपण गृहीत धरू शकत नाही.

एक मोठी भेट

प्रत्येक खोक्यात झाकण उघडताच डोळ्यांत भरेल अशी एक वस्तू असावी. मोठ्या मुलासाठी फुटबॉलला तोड नाही. मात्र तो हवा काढून द्यायचा, सोबत छोटा हातपंप आणि सुई द्यायची. हवा पूर्ण काढलेला चेंडू एका बाजूने दाबला की खोल वाटीसारखा होतो आणि त्या खळग्यात मोज्यांचे दोन जोड, पट्टी आणि खोडरबर नीट बसतात. पहिल्या वर्षी आम्ही जेवणाच्या टेबलावर चेंडू फुगवून पाहिला, पुन्हा दाबून खोक्यात बसवला, पंपही ठेवला आणि खोका मोठ्या अभिमानाने जमा केला. आठ दिवसांनी परतीची बॅग भरताना बाजूच्या कप्प्यात सुई सापडली. कुठल्यातरी देशात एका मुलाच्या हाती आमच्यामुळे कायमचा चपटा चेंडू पडला असणार. तेव्हापासून सुई चिकटपट्टीने पंपालाच चिकटवलेली असते.

५ ते ९ वयाच्या मुलीसाठी तुळशीबागेतली भातुकली ही उत्तम भेट आहे. पितळी संच देखणा असतो पण जड पडतो. स्टीलचा घ्यावा आणि त्यातलाही पाटा-वरवंटा बाजूला काढावा. पोळपाट-लाटणे ओळखीचे नसले तरी कढई, झारा आणि वाट्या जगातल्या कोणत्याही मुलाला सांगाव्या लागत नाहीत. २ ते ४ वयासाठी मात्र भातुकली नको, कारण त्या वाट्या तोंडात जातात. त्या वयाला शिवलेल्या डोळ्यांचे कापडी जनावर द्यावे. चिकटवलेले बटणाचे डोळे निघतात. सव्वा इंच व्यासाच्या नळीत जे मावते ते तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, हे माप लक्षात ठेवावे.

खेळण्यावर आयएसआय चिन्ह आहे का हेही पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे. रस्त्यावरच्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यावर ते नसेल तर चाळीस रुपये वाचवण्यात अर्थ नाही. बटणासारखे चपटे सेल असलेली खेळणी तर मुळीच घेऊ नयेत. असा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते.

शाळेचे साहित्य आणि बाकीची भर

यासाठी अप्पा बळवंत चौकात एक चक्कर पुरते. जून ओसरल्यावर तिथे दुकानदाराला आपल्याशी बोलायला सवडही असते. डझनभर पेन्सिली, धातूचे टोकयंत्र, दोन खोडरबर, बॉलपेन आणि खोक्यात आडवी मावेल अशी वही एवढे घ्यावे. वही कोरी घ्यावी किंवा एकेरी रेघांची, कारण दुरेघी वही सर्वांना समजते असे नाही. मोठ्या मुलांसाठी कंपासपेटी घालावी. कर्कटक, कोनमापक आणि गुण्या यांना भाषा लागत नाही. रंगीत खडू घेताना मेणाचे घेण्याऐवजी रंगीत पेन्सिली घ्याव्यात. उन्हात तापलेल्या कंटेनरमध्ये मेणाचे काय होते ते सांगायला नको. रंगवायची चित्रे आणि घडीचा सापशिडीचा पट हेही चालते, मात्र पटाबरोबर फासा आणि सोंगट्या छोट्या पिशवीत बांधून द्याव्यात.

कपड्यांत मापाचा प्रश्न येतो, म्हणून शर्ट-फ्रॉकच्या फंदात पडू नये. त्याऐवजी पंचा घ्यावा. आपल्याकडे घरोघरी असणारा हा सुती पंचा हाताएवढ्या घडीत मावतो, तासाभरात वाळतो, टॉवेल म्हणून, डोक्याला बांधायला आणि खोक्याच्या तळाशी अस्तर म्हणूनही चालतो. टूथब्रश, कंगवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली साबणाची वडी एवढे त्याच्यासोबत ठेवावे. १० ते १४ वयाच्या मुलीच्या खोक्यात धुऊन वापरता येणारे कापडी पॅड घालायला बिचकू नये; कदाचित तीच सर्वांत उपयोगी वस्तू ठरेल.

काय घालू नये

खाऊ नाही. दिवाळीच्या दिवसांत चिक्की, राजगिऱ्याची वडी किंवा निदान चार गोळ्या तरी टाकाव्यात असा मोह प्रत्येक आजीला होतो, परंतु सीमाशुल्काच्या नियमांमुळे कोणतेही खाद्यपदार्थ चालत नाहीत. टूथपेस्ट, तेल, शाम्पू, साबणाच्या फुग्यांची बाटली असे काहीही द्रव, औषधे आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या, काचेच्या वस्तू, खेळण्यातली पिस्तुले आणि सैनिक हेही चालत नाही. वापरलेली वस्तू, मग ती कितीही चांगल्या स्थितीतली असो, देऊ नये.

बियाही चालत नाहीत, आणि इथे आपण हमखास फसतो. सागरगोटे ही भेट म्हणून मनात येणारच, कारण ते हलके असतात, त्यांना भाषा लागत नाही आणि मोडतही नाहीत. पण सागरगोटा म्हणजे गजग्याची बी. ते दुसऱ्या देशात नेता येत नाहीत, खोक्यातही नाहीत आणि आपल्या बॅगेतही नाहीत. त्याऐवजी दोरीवरच्या उड्यांची दोरी घ्यावी.

बांधणी

पुण्यातून नेताना खोका नेऊ नये, तो तिथेच मिळतो. फक्त वस्तू न्याव्यात. २३ किलोंच्या बॅगेत दोन खोक्यांची भर सहज मावते, मात्र प्रत्येक वस्तूचे पुठ्ठे, प्लॅस्टिकची आवरणे आणि किमतीच्या चिठ्ठ्या घरीच काढून टाकाव्यात. भरताना तळाशी पंचा आणि वही, मध्ये मोठी भेट आणि फटींमध्ये पेन्सिली, मोजे, रबरबँड अशा वस्तू बसवाव्यात.

नातवंडांकडून एक चिठ्ठी लिहून घ्यावी. पाच-सहा सोप्या इंग्रजी वाक्यांची चिठ्ठी आणि एखादे चित्र पुरेसे आहे. आमच्या नातीने गेल्या वर्षी पुण्याची रिक्षा काढली होती, मीटरसकट. पहिले नाव लिहावे. घरचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहू नये, असे माझे मत आहे.

झाकणाला चिकटपट्टी लावू नये, कागदाने मढवायचे असेल तर झाकण आणि खोका वेगवेगळे मढवावेत. जमा झालेला प्रत्येक खोका स्वयंसेवक उघडून तपासतात, नको ते काढून टाकतात आणि रिकामी जागा असेल तर भर घालतात. म्हणून वरून एक रुंद रबरबँड लावून तो द्यावा. त्याआधी शेवटची एकदा पंपावरून बोट फिरवून सुई आहे ना, ते पाहावे.