जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक घरी उघडताना

जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटले की बहुतेकांचा जीव इंजिनात आणि रंगात अडकतो व ब्रेकची पाळी अगदी शेवटी येते. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. १९६०च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेक ऑइलचा मार्ग एकच असतो, त्यामुळे एका चाकाचा सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) गळाला तरी चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जाऊ शकतात. शिवाय ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ डब्यात, सगळे झाकलेले असते. झिजलेले लायनर (ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे अस्तर), गंजलेली स्प्रिंग किंवा ओलसर सिलिंडर यांतले काहीही बाहेरून दिसत नाही. म्हणून पॅडल दाबल्यावर गाडी थांबते एवढ्यावर समाधान न मानता चारही ड्रम उघडावेत, आणि एकाच ॲक्सलची डावी व उजवी बाजू अगदी सारखी कशी वागेल याकडे सुरुवातीपासून लक्ष ठेवावे. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते, त्यामागे बहुधा याच दोन बाजूंतला फरक असतो.

गाडी सपाट आणि पक्क्या जमिनीवर घ्यावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अडथळे लावावेत आणि उचललेली बाजू स्टँडवर टेकवावी; नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकापाशी बसू नये. मागचे ड्रम काढायचे असतील तर हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांचे अडथळे विशेष पक्के हवेत. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावे. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने किंवा कोरड्या ब्रशने कधीही उडवू नये; सूक्ष्म कण अडवणारा मास्क लावून ती ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने ओली करावी, चिंधीने पुसून घ्यावी आणि ती चिंधी पिशवीत बंद करून टाकावी.

ड्रम निघत नसेल तर सहसा त्याच्या कडेला झिजेमुळे तयार झालेला काठ लायनरला अडकलेला असतो. अशा वेळी आधी ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधले अंतर ठरवणारा भाग) पूर्ण सैल करावा, ड्रम धरून ठेवणारे स्क्रू काढावेत, हबच्या कडेला गंज सोडवणारे तेल सोडून थांबावे आणि मग मऊ हातोडीने गोलाकार ठोकत जावे. काही ड्रमना आटे असलेली दोन भोके असतात; त्यांत बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे पिळले की ड्रम आपोआप पुढे सरकतो. पोलादी हातोडीने कडेवर घाव घालू नयेत, कारण ओतीव लोखंड वाकत नाही, तडकते.

ड्रम निघाल्यावर काहीही सोडवण्याआधी नीट फोटो काढावेत, आणि एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी बाजू नमुन्यासाठी जागेवर राहते. स्प्रिंग कोणत्या भोकात आहे आणि लायनर शूच्या, म्हणजे ते ज्या कमानीवर बसते तिच्या, कोणत्या टोकाकडे सरकवून बसवलेले आहे, या दोन गोष्टी पुढे सर्वांत जास्त गोंधळ करतात. फिरता ड्रम पुढच्या, म्हणजे लीडिंग शूला स्वतःच आपल्याकडे खेचून घेतो, त्यामुळे त्याचा जोर मागच्या शूपेक्षा अधिक असतो. शूंची अदलाबदल झाली तर हे गणितच बिघडते. अनेक गाड्यांच्या पुढच्या चाकांत दोन सिलिंडर असून दोन्ही शू लीडिंग असतात. अशी रचना गाडी पुढे जाताना उत्तम थांबवते, पण उलट्या दिशेने तिची पकड बरीच कमी होते, म्हणूनच चढावर हँडब्रेकला फार महत्त्व येते.

आता खरी तपासणी सिलिंडरची. त्याच्या टोकावरचे रबरी टोपण नखाने हलकेच उचलून आत पाहावे. आत काळसर, चिकट ओल दिसली की कपने, म्हणजे पिस्टनजवळच्या रबरी सीलने, ऑइल धरून ठेवणे सोडले आहे, असे समजावे. पिस्टन बाहेर काढून आतली भिंत उजेडात फिरवून पाहावी: वरचा भाग आरशासारखा गुळगुळीत असतो आणि तळाला, जिथे पाणी साचते, तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. पुसट डाग बारीक होनिंगने, म्हणजे आतली भिंत हलकी घासून, निघतात. खड्ड्यात नख अडकत असेल, तर मात्र सिलिंडर नवा घालावा किंवा त्यात स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून घ्यावी. खड्ड्यांवर नवे रबर घालून काम भागवणे मला अजिबात मान्य नाही, कारण ते थोडे दिवस टिकते आणि मग न सांगता सुटते. जुळणी करताना रबराला स्वच्छ ब्रेक ऑइल किंवा रबरासाठीचे लाल ग्रीस लावावे. साध्या खनिज ग्रीसने कप फुगतात.

ड्रमवर त्याचा कमाल व्यास बहुधा कोरलेला असतो. निरनिराळ्या कोनांतून आणि आत-बाहेर अशा दोन खोलींवर मोजमाप घ्यावे. आकड्यांत फरक आला तर ड्रम लंबगोल किंवा तोंडाशी पसरट झाला आहे. ड्रम लंबगोल असला की ब्रेक मारताना पॅडल पायाखाली धडधडते. लेथवर कातून घेताना एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाचे राहतील असे पाहावे आणि मर्यादा ओलांडलेला ड्रम सरळ बाद करावा. ड्रम टांगून हलकेच टकटक केल्यावर खणखणीत आवाज यायला हवा; बद्द आवाज आला तर तडा शोधावा.

ऑइल किंवा ग्रीस मुरलेले लायनर धुऊन किंवा भाजून पूर्ववत होत नाही. ते दोन्ही बाजूंचे बदलावे, आणि त्याआधी ॲक्सलचे ऑइल सील गळत नाही ना, हे पाहावे. बॅक प्लेटवर (ड्रममागच्या स्थिर पत्र्यावर) शू जिथे घासतो त्या उंचवट्यांवर उष्णता सोसणारे ब्रेक ग्रीस अगदी पातळ लावावे. स्प्रिंगा नव्याच घालाव्यात.

रबरी होज (ब्रेक ऑइल नेणारी लवचीक नळी) बाहेरून चांगला दिसला तरी आतून फुगून बंद होतो आणि मग पॅडल सोडल्यावरही चाक आवळलेलेच राहते, म्हणून सर्व होज बदलावेत. ग्लायकॉलवर आधारित डॉट ३ आणि डॉट ४ ऑइल हवेतले पाणी शोषते: कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. सिलिकॉनचे डॉट ५ यांत कधीही मिसळू नये. ग्लायकॉलचे ऑइल रंग खाते, सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

जुळणीच्या वेळी हँडब्रेकची केबल पूर्ण सैल ठेवावी. ड्रम चढवून ॲडजस्टर चाक आवळेपर्यंत पिळावा, पॅडल जोरात दाबून शू मध्यावर येऊ द्यावेत, आणि मग चाक जेमतेम मोकळे फिरेपर्यंत ॲडजस्टर मागे घ्यावा. केबल त्यानंतर ताणावी. झिजलेल्या लायनरची उणीव केबल ओढून भरून काढणे चुकीचे आहे. ड्रम काढलेला असताना पॅडल मुळीच दाबू नये, नाहीतर पिस्टन बाहेर पडतात. ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून (पॅडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी: साथीदाराने पॅडल दाबावे, आपण चाकाच्या सिलिंडरवरचा निपल (हवा सोडण्याचे तोंड) उघडावा, आणि पॅडल वर येण्याआधी तो बंद करावा. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे आणि टाकीतले ऑइल संपू देऊ नये.

शेवटी पॅडल जोरात दाबून काही वेळ धरावे. ते हळूहळू खाली जात असेल तर गळती शोधल्याशिवाय गाडी हलवू नये. पहिली फेरी मोकळ्या जागेत, कमी वेगाने घ्यावी आणि मध्यम दाबाने, मध्ये थंड होऊ देत ब्रेक मारत लायनर बसू द्यावेत. परतल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन उष्णता ताडून पाहावी. एकाच ॲक्सलचा एक ड्रम दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल तर तिथला शू घासतो आहे; ते चाक पुन्हा उचलून ॲडजस्टर आणि रिटर्न स्प्रिंग तपासावी.