डॉक्टर कुलगुरूंचा चरित्रलेख कसा लिहावा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत एखाद्या ज्येष्ठ डॉक्टरांचा सत्कार ठरला, की स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहिण्याचे काम कोणाकडे तरी येते. सत्कारमूर्ती वैद्यकीय क्षेत्रातून कुलगुरुपदापर्यंत पोहोचलेल्या असतील, तर तो लेख बहुधा पदांच्या यादीतच अडकतो. वास्तविक एका रुग्णाबद्दल काही मिनिटांत निर्णय घेण्याची सवय असलेली व्यक्ती हजारो विद्यार्थ्यांबद्दल, समित्यांमार्फत, महिनोन्‌महिने चालणारे निर्णय घेऊ लागते, तेव्हा तिच्या कामात काय बदलते आणि काय तसेच राहते, हा अशा लेखाचा गाभा असायला हवा.

सर्वप्रथम विद्यापीठ कोणत्या प्रकारचे होते, हे निश्चित करावे, कारण त्यावर नियुक्तीची पद्धत आणि कुलगुरूंचे अधिकार ठरतात. राज्य विद्यापीठात शोध समितीने सुचविलेल्या नावांतून राज्यपाल कुलपती या नात्याने कुलगुरूंची नियुक्ती करतात, नेरूळचे डी. वाय. पाटील किंवा कामोठ्याचे एमजीएम यांसारख्या अभिमत (डीम्ड) विद्यापीठांना ही पद्धत लागू नाही. काळही पाहावा. 1998 मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी मुंबई परिसरातील वैद्यकीय महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती, त्यामुळे डॉक्टरांनी कला, वाणिज्य आणि विधी शाखाही सांभाळणाऱ्या विद्यापीठाचे नेतृत्व करणे त्या रचनेत स्वाभाविक होते. बालशल्यचिकित्सक आणि शीव रुग्णालयाच्या अधिष्ठाता (डीन) राहिलेल्या डॉ. स्नेहलता देशमुख 1995 ते 2000 या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयांची मुंबई विद्यापीठापासून फारकत त्यांच्याच कारकिर्दीत झाली. असा संदर्भ दिला, की वाचकाला पदाचे वजन कळते. तो नसेल तर ‘कुलगुरू’ हा केवळ नावामागे लागलेला मान उरतो.

अधिष्ठातापदाची वर्षे मात्र सविस्तर लिहावीत. बहुतेक लेखक ती दोन ओळींत उरकतात, आणि माझ्या मते लेख तिथेच फसतो. कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयासारख्या महापालिकेच्या संस्थेत अधिष्ठात्याला सकाळी ओपीडीची गर्दी, दुपारी औषधखरेदीच्या फाइली आणि संध्याकाळी निवासी डॉक्टरांच्या मागण्या हाताळाव्या लागतात, शिवाय पैसा आणि पदभरती यांच्या चाव्या पालिका प्रशासनाकडे असतात. अधिकार अपुरे आणि जबाबदारी पूर्ण, अशा जागी राहून जे शिकता येते, तेच पुढे विद्यापीठात उपयोगी पडते. त्या वर्षांत मान्यतेसाठी तपासण्या झाल्या असतील, तर त्या कोणी केल्या हेही अचूक लिहावे: सप्टेंबर 2020 पासून भारतीय वैद्यक परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली आहे.

कागदपत्रांसाठी विद्यापीठाचे वार्षिक अहवाल आणि अधिसभा (सिनेट), व्यवस्थापन परिषद व विद्यापरिषद या निर्णय घेणाऱ्या मंडळांची इतिवृत्ते हा भक्कम आधार होय. राज्य विद्यापीठाकडून इतिवृत्त सहज मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. त्याचे उत्तर 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे. छपाईची तारीख त्या हिशेबाने ठरवावी. जुन्या नियतकालिकांसाठी 1893 साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करावी. संस्थेने छापलेली परिचयपत्रिका तारखा जुळवण्यापुरती वापरावी, तिच्यातील विशेषणे तिथेच राहू द्यावीत.

मुलाखत कागद वाचून झाल्यावरच घ्यावी. ‘आपला प्रवास सांगा’ असे म्हटले, की बाई किंवा सर अनेकदा सांगितलेलेच पुन्हा सांगतात. त्याऐवजी नेमके विचारावे: अधिष्ठाता झाल्यावर आपण शस्त्रक्रिया किंवा राउंड कधी थांबवले? परीक्षांचे निकाल रखडले, तेव्हा पहिला फोन कोणाला केला? व्यवस्थापन परिषदेत आपला कोणता प्रस्ताव मागे घ्यावा लागला? शेवटच्या प्रश्नाला बरेचदा थोडा वेळ लागतो, तो द्यावा. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर आणि विद्यापीठातील एखादे निवृत्त कर्मचारी या दोघांशीही बोलावे, कारण दोघांनी पाहिलेली व्यक्ती सारखी नसते.

लिहिताना दोन-तीन निर्णय निवडून प्रत्येकाचे कारण, त्याला झालेला विरोध आणि त्याचा परिणाम सलग मांडावा. विद्यार्थ्यांच्या विद्यापीठीय कागदपत्रांवर आईचेही नाव यावे, हा डॉ. देशमुख यांच्या काळातील निर्णय असा मांडण्याजोगा आहे; नवजात बालकांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा माता आणि मूल यांच्याशी रोजचा संबंध असतो, हे वाचकाला आधी ठाऊक असेल तर त्या निर्णयाकडे तो निराळ्या नजरेने पाहतो. मात्र एकातून दुसरे घडले, असे स्वतः त्या व्यक्तीने म्हटल्याचा पुरावा नसेल, तर दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून थांबावे.

रुग्णांचे प्रसंग घेताना नाव, गाव आणि ओळख पटेल असा तपशील वगळावा, कुटुंबाची हरकत नसली तरीही. पुरस्कार एका वाक्यात आटोपावेत. संप, आंदोलने, निकालातील गोंधळ हे त्या काळात घडलेले असेल तर गाळू नये. सत्काराच्या लेखात ते शोभत नाही, असे आयोजक म्हणतील, तेव्हा निदान एक परिच्छेद राखण्याचा आग्रह धरावा. छपाईपूर्वी मसुदा सत्कारमूर्तींना दाखवताना तारखा, पदनामे आणि वैद्यकीय संज्ञा तपासण्याची विनंती लेखी करावी आणि मजकुरात सुचवलेला इतर बदल संपादकांशी बोलूनच स्वीकारावा.