शेतावर कुत्रा ठेवायचाय: प्युअर ग्रेहाउंड, क्रॉस की आपला कारवान?

"कुत्रा घ्यायचाय, पळणारा पाहिजे" इथूनच बहुतेकांची गडबड सुरू होते. पळणारा म्हणजे कुठं पळणार, किती वेळ पळणार आणि दिवसातले बाकीचे तास काय करणार हे कुणी विचारतच नाही, मोबाईलवर शर्यतीचा व्हिडिओ बघितला की लगेच ग्रेहाउंडचं पिल्लू शोधायला लागतात. म्हणून शर्यतीचा विलायती ग्रेहाउंड, त्याची दुसऱ्या जातीशी जोडी लावून झालेला क्रॉस आणि आपला देशी पळणारा कारवान, ह्या तिघांबद्दल जरा सविस्तर लिहितोय, कारण चुकीचं कुत्रं आणलं की हाल कुत्र्याचे होतात, आणि सहा महिन्यांत ते साखळीला बांधलेलं दिसतं.

आधी काम ठरवा. आपल्याकडं शेतावरच्या कुत्र्याची खरी कामं म्हणजे रात्री वस्तीवर जाग ठेवणं, अनोळखी माणूस आला तर भुंकणं, शेरडा-मेंढरांबरोबर दिवसभर चालणं, माकडं आणि डुकरं पिकाच्या जवळ येऊ नयेत म्हणून आवाज करणं. ससा धरणं हे काम नाही, आणि हे मी स्पष्टच सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मधे शिकारीची जी व्याख्या आहे त्यात मारणं, पकडणं तर आहेच, पण कुत्रा मागं सोडून पळवणं, हाकणं आणि तसा प्रयत्न करणं हेसुद्धा शिकारीतच धरलंय. त्यामुळं "आम्ही मारला नाही, नुसता सोडला होता" हे तिथं चालत नाही. ससा, हरीण, कोल्हा, घोरपड सगळ्यांना संरक्षण आहे. इंग्लंड-वेल्समधेसुद्धा, जिथं ग्रेहाउंडनी ससे धरायच्या मोठमोठ्या स्पर्धा व्हायच्या, तिथंही 2004 च्या कायद्यानं ते बंद झालं. तेव्हा कुणी "हा ससा सोडत नाही" म्हणून पिल्लू विकत असेल तर तिथून उठून या.

आता प्युअर ग्रेहाउंड. वेगात त्याचा हात कुणी धरत नाही, ताशी 60 ते 70 किलोमीटर, आणि 480 मीटरची शर्यत 30 सेकंदांच्या आसपास संपते. पण ही सगळी ताकद त्या अर्ध्या मिनिटासाठीच घडवलेली आहे, पिढ्यानपिढ्या तेवढ्यासाठीच निवड झालीय, सपाट वाळूच्या ट्रॅकवर, खोट्या सशामागं. ज्वारी काढल्यानंतरच्या रानात धसकटं उभी असतात, काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, बांधाला बाभळीचे काटे, कुसळ पायाच्या बोटांत शिरतं, अशा ठिकाणी त्या वेगानं पळणारं आणि अंगावर पातळ कातडी असलेलं कुत्रं पहिल्याच महिन्यात टाके घालून घेतं. ग्रेहाउंडची कातडी खरंच कागदासारखी फाटते, दुसऱ्या कुत्र्याला ओरखडा उठेल तिथं ह्याला टाके लागतात.

स्वभावाचं पण आहे. ग्रेहाउंड हा मऊ, शांत, घरात झोपणारा प्राणी आहे, भुंकणं कमी, राखण जवळजवळ नाहीच. ज्याला घरात प्रेमानं ठेवायचाय त्याच्यासाठी फार गोड कुत्रं, पण वस्तीवर पत्र्याच्या शेडखाली थंडीत आणि मे महिन्याच्या उन्हात ठेवायला नाही. अंगावर चरबी नसते, केस आखूड, त्यामुळं थंडी सहन होत नाही, आणि पळून आल्यावर स्नायूंत तयार झालेली उष्णता पण लवकर उतरत नाही. जोरात पळाल्यावर शरीराचं तापमान 41 अंशांच्या वर जातं, वरून बाहेर 40 अंश असलं तर उष्माघात ठरलेलाच. असं झालं तर आधी सावलीत घेऊन पोटाला, जांघेत, सगळ्या अंगाला साधं पाणी मारा, वारा घाला आणि मग दवाखाना गाठा, गाडी शोधण्यात पाणी मारायचं राहून जातं.

आणि एक गोष्ट जी विकणारा सांगत नाही. ग्रेहाउंडचं रक्त इतर कुत्र्यांपेक्षा वेगळं असतं. लाल पेशींचं प्रमाण जास्त, 50 ते 65 टक्के त्याच्यासाठी नॉर्मल, प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी मुळातच कमी, थायरॉइडचा आकडा पण कमी. आपल्याकडं गोचीड ताप इतका आहे की प्लेटलेट कमी दिसल्या की लगेच तीच शंका येते, म्हणून डॉक्टरांना हे ग्रेहाउंड आहे किंवा त्याचा क्रॉस आहे हे आधी सांगा. भूल देताना तर नक्कीच, कारण थायोपेंटोनसारख्या औषधातून ह्या जातीला शुद्धीवर यायला फार वेळ लागतो, वेगळी औषधं आहेत ती वापरता येतात. ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांनी जखमेतून पुन्हा रक्त यायला लागणं हेही ग्रेहाउंडमधे बघायला मिळतं, तेव्हा नसबंदी करून संध्याकाळी घरी आणला आणि झालं असं समजू नका, तीन-चार दिवस लक्ष ठेवा.

क्रॉसचं काय मग? इथं थोडं समजून घ्यायला लागतं. ब्रिटन आणि आयर्लंडमधे लर्चर म्हणजे ग्रेहाउंड किंवा त्याच्यासारख्याच पण लहान व्हिपेटची जोडी मेंढरं हाकणाऱ्या कॉलीशी नाहीतर बेडलिंग्टन टेरियरसारख्या कुत्र्याशी लावून केलेलं कामाचं कुत्रं. त्यात हेतू असा की वेग ग्रेहाउंडचा घ्यायचा आणि डोकं, ऐकण्याची सवय, जाड केस, टिकाऊ पाय हे दुसऱ्या बाजूनं आणायचं. म्हणून तिथला अनुभवी माणूस शेताच्या कामासाठी सहसा प्युअर ग्रेहाउंड घेत नाही, लर्चरच घेतो. हे वाचून आपल्याकडची मंडळी ग्रेहाउंड-कारवान क्रॉस घेतात आणि तेच गुण मिळतील असं धरून चालतात. पण दोन्ही बाजू पळणाऱ्याच आहेत, दोन्ही डोळ्यानं बघून पळतात, लांबवर काही हललं की दोघांचेही कान बंद. ह्या क्रॉसमधे वेग वाढतो, थोडा काटकपणा राहतो, पण हाक मारल्यावर परत येणं काही वाढत नाही. हे ध्यानात ठेवूनच घ्या.

शिवाय क्रॉसमधे पिढी विचारा. एका बाजूला प्युअर ग्रेहाउंड आणि दुसऱ्या बाजूला प्युअर कारवान, अशी पहिली वीण असली तर पिल्लं बऱ्यापैकी एकसारखी निघतात. क्रॉसला क्रॉस लावून झालेल्या विणीत एक पिल्लू ग्रेहाउंडवर जातं, एक कारवानवर आणि एक कशावरच जात नाही, दोन महिन्यांच्या वयात ते कुणालाच सांगता येत नाही, विकणाऱ्यालाही नाही. क्रॉसवर पुन्हा ग्रेहाउंड चढवून पाऊण रक्त केलेली पिल्लं शर्यतवाल्यांसाठी असतात, शेतावर त्यांचं काम नाही. माझं मत विचाराल तर शेतासाठी अर्ध्यापेक्षा जास्त ग्रेहाउंड रक्त नको, पाव असेल तर उत्तम, आणि अजिबात नसलं तरी काहीच बिघडत नाही.

कारण आपल्याकडं तयार कुत्रं आहेच. कारवान म्हणा, करवानी म्हणा, मुधोळ म्हणा, कानाला-शेपटीला लांब रेशमी केस असले तर पश्मी म्हणा. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी ही कुत्री जपली, आज बागलकोट जिल्ह्यात तिम्मापूरला त्यांच्यासाठी खास संशोधन केंद्र आहे, 2005 मधे पोस्टानं तिकीट काढलं, लष्करानं पण मेरठला नेऊन ट्रेनिंग दिलं. पण मला ह्या सगळ्या मानापेक्षा त्याचे पाय महत्त्वाचे वाटतात. ग्रेहाउंडपेक्षा हलकं अंग, लांब घट्ट पंजे, मुरमाड माळावर आणि नांगरलेल्या ढेकळांत पिढ्यानपिढ्या वाढलेलं कुत्रं, एका दमात ग्रेहाउंड त्याला मागं टाकेल पण दिवसभर मेंढरांमागं चालायचं असलं तर कारवानच चालणार. अनोळखी माणसानं अंगाला हात लावलेला त्याला आवडत नाही, म्हणजे वस्तीवर जे पाहिजे तेच. मात्र मारझोड केली तर हे कुत्रं कायमचं बुजतं, ऐकायचं सोडून देतं, त्याला आवाजानं आणि खाऊनं शिकवायला लागतं.

पिल्लू बघायला जाताना आईबाप बघायचेच, निदान आई तरी. आई लपून बसत असेल, थरथरत असेल तर पिल्लू कितीही देखणं असो, सोडून द्या. आईबाप काय काम करतात ते तिथंच त्यांच्या रानात चालवून बघा, नुसतं अंगणात उभं करून नाही. ग्रेहाउंड "इम्पोर्टेड लाईनचा" आहे असं कुणी सांगितलं तर कागद मागा, कारण 2016 पासून धंद्यासाठी ब्रीडिंगला कुत्री आयात करायला बंदी आली होती, आणि आयर्लंडच्या रेसिंग ग्रेहाउंडच्या कानात गोंदलेली अक्षरं असतात ती दिसली पाहिजेत. केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर असतील तर कुत्र्याच्या कातडीखालच्या मायक्रोचिपचा नंबर मशीननं वाचून जुळवून घ्या. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका, पहिली लस 6 ते 8 आठवड्यांत आणि रेबीजची तीन महिन्यांचं झाल्यावर, ह्यात कंटाळा करायचा नाही.

कुणी म्हणालं ह्यात कॉलीचं रक्त आहे, तर गोचिडांवरच्या आयव्हरमेक्टिन औषधाच्या बाबतीत सावध राहा. गावाकडं जनावरांच्या गोचिडांसाठी आणलेलं इंजेक्शन कुत्र्याला पण अंदाजानं देतात, कॉलीच्या रक्तात एक जनुकदोष असतो त्यामुळं हे औषध मेंदूत शिरून कुत्रं कोसळतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, कुठल्याही कुत्र्याला.

खाण्याचं थोडक्यात. नुसती भाकरी आणि ताक ह्यावर पळणारं कुत्रं उभं राहत नाही, अंडी, चिकन, मासळी काहीतरी प्रथिन रोज पाहिजे, आणि खाऊन लगेच पळवायचं नाही, पोट फुगून पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो. बरगड्या थोड्या दिसणं ह्या जातींत नॉर्मल आहे, शेजारी उपाशी ठेवलाय म्हणतील, म्हणू द्या.

जागेचा विचार मात्र कुत्रं आणायच्या आधी करा, हे मी सगळ्यात जास्त कळकळीनं सांगतोय. कठडा नसलेली विहीर, शेततळ्याचा प्लास्टिक कागद, काटेरी तारेचं कुंपण, झटका मशीन, आणि जवळून जाणारा हायवे, पळणारी कुत्री आजारापेक्षा ह्यांनीच जास्त जातात. हा प्राणी नजर एका ठिकाणी लावून पळतो, मधे काय आहे ते त्याला दिसतच नाही. विहिरीला कठडा किंवा जाळी करा, शेततळ्यात दोर आणि टायर सोडून ठेवा म्हणजे पडलं तर वर यायला आधार राहील. तारेच्या कुंपणाला खालून वरपर्यंत जुनी साडी किंवा हिरवी जाळी बांधली तर त्याला अडथळा लांबून दिसतो.

डुकरावर कुत्रं सोडू नका. कायद्याचं तर आहेच, पण सुळ्याच्या एका फटक्यात पोट फाटतं, ग्रेहाउंडचंही आणि कारवानचंही. डुकरासाठी कुत्र्याचं काम कुंपणाच्या आतून भुंकणं एवढंच. आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर अशा बिबटे असलेल्या उसाच्या भागात राहत असाल तर कुठलंही कुत्रं रात्री बाहेर बांधू नका, बांधलेल्या कुत्र्याला पळायचीही संधी नसते. दार लागणारी जाळीची खोली करा, वरूनही जाळी पाहिजे, आतून तो भुंकला तरी तुम्हाला जाग येणारच आहे.

पिल्लू आणल्यावर पहिले पाच-सहा महिने मोकळ्या रानात सोडायचं नाही, लांब दोरीवर हाक मारून बोलवायचं, आलं की प्रत्येक वेळी खाऊ. शेळ्या-कोंबड्यांमधे लहानपणापासून दोरीवर फिरवा, कोंबडी पळाली की त्याची नजर कशी होते ते बघा, आणि नजर तिथं अडकायच्या आत त्याला आपल्याकडं वळवा. एकदा मागं धावून काही धरलं की ते विसरायला लावणं फार अवघड, ग्रेहाउंड असो, क्रॉस असो की कारवान.