एआयच्या काळात शाळेचे शैक्षणिक प्रामाणिकपणाचे धोरण कसे सुधारावे

बहुतेक शाळांच्या नियमपुस्तिकेत शैक्षणिक प्रामाणिकपणाविषयी एक ठरीव वाक्य असते : 'दुसऱ्याचे लेखन स्वतःचे म्हणून सादर करणे हा गैरप्रकार समजला जाईल.' ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि या वाक्यातील 'दुसऱ्याचे' हा शब्दच डळमळीत झाला. चॅटबॉटने तयार केलेला मजकूर कोणा दुसऱ्या माणसाचा नसतो आणि सहसा तो कोठून जसाच्या तसा उतरवलेलाही नसतो, त्यामुळे शेजारी ठेवून ताडून पाहावे असे मूळ पुस्तक शिक्षकाच्या हाती लागत नाही. म्हणून धोरण सुधारायला बसलेल्या समितीने शिक्षांच्या तक्त्यापासून नव्हे, तर व्याख्येपासून सुरुवात करावी.

माझ्या मते व्याख्या अशी असावी : 'जे काम विद्यार्थ्याने स्वतः करणे अपेक्षित होते, ते दुसऱ्या व्यक्तीकडून किंवा साधनाकडून करून घेऊन स्वतःचे म्हणून सादर करणे.' मोठ्या भावंडाने लिहून दिलेला प्रकल्प, पैसे देऊन करून घेतलेला निबंध आणि चॅटबॉटचे उत्तर या तिन्ही गोष्टी या एका वाक्यात येतात आणि उद्या नवे साधन आले तरी वाक्य बदलावे लागत नाही. मात्र यात सगळा भार 'अपेक्षित होते' या शब्दांवर पडतो. काय अपेक्षित होते, हे काम देतानाच लेखी सांगितलेले नसेल, तर व्याख्या कितीही नेटकी असली तरी ती निरुपयोगी ठरते.

सरसकट बंदी का टिकत नाही

न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये शाळेच्या संगणकांवर आणि नेटवर्कवर चॅटजीपीटी बंद केले आणि त्याच वर्षी मे महिन्यात ती बंदी मागे घेतली. शाळेच्या नेटवर्कवरची बंदी विद्यार्थ्याच्या खिशातील फोनपाशी संपते, ही अडचण तर उघडच आहे. त्याहून मोठी अडचण अशी की शुद्धलेखन तपासणी, भाषांतर, शोधयंत्राच्या माथ्यावर आपोआप येणारा सारांश या सर्वांत आता एआय मिसळलेले आहे. 'कोणत्याही स्वरूपात एआय वापरू नये' असे लिहिले, तर अक्षरशः प्रत्येक विद्यार्थी नियम मोडतो आणि कारवाई कोणावर करायची हे शिक्षकाच्या मर्जीवर उरते. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या परीक्षा मंडळाने २०२३ मध्ये वेगळी भूमिका घेतली : एआयवर बंदी नाही, परंतु त्याच्याकडून घेतलेला मजकूर इतर कोणत्याही स्रोताप्रमाणे उद्धृत करून त्याचा निर्देश केला पाहिजे. शालेय धोरणासाठी हा पाया अधिक पक्का आहे.

प्रत्येक कामाची पातळी आधी जाहीर करणे

परवानगीच्या पाच-पाच, सहा-सहा पायऱ्या असलेल्या मोजपट्ट्या प्रचलित आहेत. शाळेला तीन पुरतात, कारण शिक्षकाला फळ्यावर लिहिताना आणि विद्यार्थ्याला घरी आठवताना त्याहून जास्त लक्षात राहत नाहीत. पहिली, 'फक्त स्वतः'. दुसरी, 'नमूद केलेल्या टप्प्यांपुरती मदत'. तिसरी, 'वापर मोकळा, पण नोंद सक्तीची'. प्रत्येक गृहपाठावर आणि प्रकल्पावर यांपैकी एक पातळी लिहिलेली असावी. ती लिहायची राहून गेली असेल, तर कोणती पातळी लागू होईल हेही धोरणातच ठरवून टाकावे, नाहीतर पहिला वाद तेथेच उभा राहतो.

पातळी ठरवण्याचा अधिकार विषयशिक्षकाकडेच हवा, कारण एकच कृती एका विषयात क्षम्य आणि दुसऱ्यात गैर असू शकते. भूगोलाच्या प्रकल्पासाठी परकी भाषेतील लेख यंत्राकडून भाषांतरित करून वाचणे हा अभ्यास आहे. त्याच परक्या भाषेच्या तासाला दिलेला उतारा तसाच भाषांतरित करून आणणे ही फसवणूक आहे. दुसऱ्या पातळीची सूचना किती नेमकी असावी, याचा एक नमुना पाहा :

'प्रकल्प : पाण्याची गाळणी. पातळी दोन. माहिती शोधताना आणि अवघड संज्ञा समजून घेताना चॅटबॉटची मदत चालेल. प्रयोगाच्या नोंदी, आकृती आणि निष्कर्ष स्वतः लिहावेत. शेवटी वापराची नोंद जोडावी.'

नोंदीसाठी लांबलचक अर्ज तयार करू नये. तीन-चार वाक्ये पुरेत : 'मी चॅटबॉटला गाळणीच्या थरांबद्दल दोन प्रश्न विचारले. थरांचा क्रम त्याने उलटा सांगितला होता, तो पाठ्यपुस्तकावरून दुरुस्त केला. नोंदी आणि निष्कर्ष माझे आहेत.' यंत्राची चूक कोठे झाली हे या नोंदीतून कळते, आणि ती पकडण्याइतका विषय विद्यार्थ्याला समजला आहे हेही कळते. संपूर्ण संभाषण छापून जोडण्याची सक्ती करणारी धोरणे माझ्या वाचनात आली आहेत. ते कागद कोणीही वाचत नाही. संभाषण जपून ठेवावे आणि विचारल्यास दाखवावे, एवढेच म्हणावे. आणखी एक कलम आवर्जून घालावे : परवानगीपेक्षा जास्त मदत घेतली, पण ती खरेपणाने नोंदवली, तर काम पुन्हा करायला सांगितले जाईल, शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. हे कलम नसेल, तर नोंद लिहिणारा विद्यार्थी अडकतो आणि लपवणारा सुटतो.

शोधक साधनांविषयीचे कलम

येथे समितीचा सर्वाधिक वेळ जाईल आणि तो जावा. एआयने लिहिलेला मजकूर ओळखून देण्याचा दावा करणारी साधने पाहिली की कोणत्याही मुख्याध्यापकाला हायसे वाटते. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने ३१ जानेवारी २०२३ रोजी असे एक साधन आणले होते. कंपनीच्याच चाचणीत त्याने एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्के मजकूर ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारला. शंभर निबंधांपैकी वीस निबंध यंत्राचे आहेत असे समजा. या हिशेबाने विसातले साधारण पाच पकडले जातात आणि उरलेल्या ऐंशी प्रामाणिक निबंधांपैकी साधारण सात अडकतात; म्हणजे संशयित म्हणून समोर उभ्या केलेल्या बारा विद्यार्थ्यांपैकी सात निरपराध. अचूकता कमी असल्याचे सांगून कंपनीने ते साधन जुलै २०२३ मध्ये बंद केले.

पुढची साधने सुधारली, असे विक्रेते सांगतील. म्हणून चुका केवळ १ टक्का होतात असे धरून शाळेने आपला हिशेब मांडावा. सहाशे विद्यार्थी, प्रत्येकाची वर्षाला आठ लेखी कामे, म्हणजे ४,८०० कामे. ती सर्व प्रामाणिक असली, तरी अठ्ठेचाळीस कामांवर खोटा आळ येतो. शिवाय हा आळ सर्वांवर सारखा येत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात साधने तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या व्यक्तींनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो यावर अशी साधने बरीचशी विसंबून असतात, आणि भाषा नव्याने शिकणारा नेमके ओळखीचे, सरळ शब्द निवडतो. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याकडील असे साधन बंद केले.

वाङ्मयचौर्य शोधणारे सॉफ्टवेअर निदान मूळ मजकूर दाखवते आणि शिक्षक दोन्ही मजकूर स्वतः ताडून पाहू शकतो. एआय-शोधक केवळ टक्केवारी देतो आणि तिच्यापुढे विद्यार्थ्याला काहीच उत्तर देता येत नाही. त्यामुळे धोरणात स्पष्ट लिहावे की अशा साधनाचा निष्कर्ष पुरावा म्हणून धरला जाणार नाही. मजकूर चॅटबॉटलाच देऊन 'हे तू लिहिलेस का?' असे विचारण्यालाही मज्जाव करावा, कारण त्याच्या होकाराला किंवा नकाराला काडीचाही आधार नसतो.

मग संशय आल्यास काय करावे? ज्याची शहानिशा करता येते, तेवढ्याच गोष्टीला नियमभंग म्हणावे. 'एआय वापरले' हे सिद्ध करता येत नाही; 'सांगितलेला कच्चा मसुदा दिला नाही' किंवा 'संदर्भसूचीतील पुस्तक अस्तित्वातच नाही' हे करता येते. चॅटबॉट नसलेली पुस्तके आणि लेख खऱ्यासारखे रचून देतात. 'न तपासलेला संदर्भ देणे' हाच नियमभंग मानला, तर तो कोणी रचला याचा तपास करत बसावे लागत नाही.

त्यानंतर संवाद. विषयशिक्षक, सोबत दुसरा एखादा शिक्षक, दहा मिनिटे आणि विद्यार्थ्याचे काम समोर. 'तू हे लिहिले नाहीस ना?' हा प्रश्न विचारायचाच नाही. 'वाळूच्या खाली खडी का ठेवलीस?', 'हा निष्कर्ष कोणत्या नोंदीवरून काढलास?' असे कामातले प्रश्न विचारावेत. मसुद्याच्या आधीच्या आवृत्त्या आणि वर्गात लिहिलेले जुने लेखन जवळ ठेवावे. घाबरून गप्प होणाऱ्या मुलाला उत्तरे लिहून देण्याची मुभा असावी, कारण मौन हा कबुलीजबाब नव्हे.

उरलेल्या बाबी

वयाची अट दुर्लक्षू नये. युनेस्कोच्या सप्टेंबर २०२३ मधील मार्गदर्शिकेत वर्गात अशा साधनांच्या वापरासाठी किमान वय १३ वर्षे असावे असे सुचवले आहे, आणि चॅटजीपीटीच्या अटींनुसार १८ वर्षांखालील वापरकर्त्याला पालकांची परवानगी लागते. म्हणून खाते उघडल्याशिवाय पूर्ण होणार नाही असा गृहपाठ सक्तीचा करू नये. शिक्षक प्रश्नपत्रिका काढताना किंवा अभिप्राय लिहिताना एआय वापरत असतील, तर त्यांनाही नोंदीचा नियम लागू असावा. मुलांच्या हे लगेच लक्षात येते. साधनांची नावे मुख्य मजकुरात न घेता परिशिष्टात ठेवावीत आणि ते परिशिष्ट दर सत्राला तपासावे. नवे नियम सत्राच्या पहिल्या दिवसापासून लागू व्हावेत, मागच्या कामांना ते लावू नयेत.

मंजुरीपूर्वी मसुद्याची एक चाचणी घ्यावी. गेल्या वर्षी वाद झालेली तीन कामे नावे झाकून काढावीत आणि दोन शिक्षकांनी एकमेकांशी न बोलता नव्या मसुद्यानुसार त्यांवर निर्णय द्यावा. जेथे दोघांचे निर्णय वेगळे येतील, तेथील वाक्य पुन्हा लिहायला घ्यावे.