बेटी पार्सन्सच्या गॅलरीचे कागद घरबसल्या कसे वाचायचे

चित्रकार वासुदेव गायतोंडेंच्या न्यूयॉर्कमधल्या दिवसांबद्दल काही मिळतंय का ते शोधत होते, तिथून हे सगळं सुरू झालं. मॉरिस ग्रेव्ज नावाचा अमेरिकन चित्रकार १९६३ मध्ये भारतात आला होता, त्याने गायतोंडेंची चित्रं पाहिली आणि इतका हरखून गेला की न्यूयॉर्कच्या विलर्ड गॅलरीला, म्हणजे मॅरियन विलर्ड आणि तिच्या नवऱ्याला, पत्र लिहिलं, आणि त्यात गायतोंडेंची थेट मार्क रॉथको या नावाजलेल्या अमेरिकन अमूर्त चित्रकाराशी तुलना केली. मग रॉथकोची चित्रं फारसं कुणी विकत घेत नव्हतं तेव्हा ती भिंतीवर लावली कुणी, हे बघायला गेले आणि बेटी पार्सन्स हे नाव समोर आलं. तेव्हापासून दोनेक वर्षं मी रात्री जेवणं उरकली की तिचे कागद वाचत बसते. बऱ्याच जणांनी विचारलं की हे करतात कसं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून टाकते.

आधी बाई कोण ते थोडक्यात. जन्म १९०० सालचा, न्यूयॉर्कच्या पैसेवाल्या घरातला. तेराव्या वर्षी आर्मरी शो, म्हणजे आधुनिक चित्रकलेचं तिथलं गाजलेलं प्रदर्शन, पाहिलं आणि चित्रकार व्हायचं ठरवलं. लग्न झालं, मोडलं, मग पॅरिसला जाऊन शिल्पकला शिकली, तिथे शिल्पकार बूर्देलच्या वर्गात जाकोमेत्ती, पुढे मोठा शिल्पकार झालेला, तिच्याबरोबर होता. मंदीत पैसे गेले तशी अमेरिकेत परत आली, दुसऱ्यांच्या गॅलऱ्यांत नोकऱ्या केल्या, वेकफील्ड नावाच्या पुस्तकांच्या दुकानातली छोटी गॅलरी सांभाळली, आणि सप्टेंबर १९४६ मध्ये पंधरा, ईस्ट फिफ्टी-सेव्हन्थ स्ट्रीटवर स्वतःची गॅलरी उघडली. जॅक्सन पोलॉक, रॉथको, बार्नेट न्यूमन, क्लिफर्ड स्टिल, अमेरिकन अमूर्त चित्रकलेतली ही मोठी नावं, हे सगळे तिच्याकडे होते. ती गेली १९८२ मध्ये. आणि शेवटपर्यंत स्वतः चित्रं काढत होती, हे मात्र लक्षात ठेवा, कागद वाचताना फार उपयोगी पडतं.

गॅलरीचे आणि तिचे खासगी असे दोन्ही कागद स्मिथसोनियनच्या आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्टमध्ये आहेत. साठा केवढा, तर खोकी एकाला एक लावून फळीवर ठेवली तर ६० फुटांच्या वर लांबी जाते. बरेचसे कागद स्कॅन करून साइटवर फुकट टाकलेत, लॉगिन नको, काही नको. मोबाईलवर वाचायच्या भानगडीत मात्र पडू नका, पेन्सिलीची खूण दिसायला मोठा स्क्रीन लागतो, लॅपटॉप नसेल तर कुणाचा तरी मागून घ्या.

साइटवर गेलात की सगळ्यात आधी फाइंडिंग एड उघडा. म्हणजे कुठल्या खोक्यात कुठलं फोल्डर आहे त्याची यादी, आणि सुरुवातीला त्या माणसाची आणि कागदांची लांबलचक ओळख. ही ओळख बहुतेक जण स्क्रोल करून टाकतात, तसं करू नका, एक संध्याकाळ त्यालाच द्या. कुठल्या वर्षांचे कागद भरपूर आहेत, कुठले विरळ आहेत, कशाला हात लावायला परवानगी लागते, हे तिथेच लिहिलेलं असतं. मग खाली यादी: चित्रकारांच्या फायली, पत्रव्यवहार, प्रदर्शनांच्या फायली, अपॉइंटमेंटच्या डायऱ्या, स्टॉकची नोंद, विक्रीची नोंद, हिशोब, फोटो, खासगी कागद.

आता इथे सगळे जण सरळ पोलॉकच्या फोल्डरवर उडी मारतात, मीही मारली होती. माझं आता पक्कं मत झालंय की ते शेवटी उघडायचं. पोलॉकबद्दल इतकं छापून आलंय की त्या फोल्डरमधे तुम्हाला जे माहीत आहे तेच दिसत राहतं. त्यापेक्षा कुठलंही एक वर्ष धरा, समजा १९५१, आणि त्या वर्षाचे सगळ्या प्रकारचे कागद आडवे वाचा. डायरी, मग विक्रीची नोंद, मग प्रदर्शनाचं कार्ड, मग पत्रं, या क्रमाने. पत्रात माणूस स्वतःला जरा सावरून, नीटनेटकं लिहितो, विक्रीच्या वहीत तसं करायला जागाच नसते, काय गेलं आणि काय गेलं नाही एवढंच. १९५१ मी मुद्दाम घेतलंय. त्या एका वर्षात तिथे न्यूमनचं दुसरं प्रदर्शन झालं, रॉशनबर्गचं पहिलं एकल प्रदर्शन झालं, ली क्रॅस्नरचंही झालं. आणि पोलॉक, रॉथको, स्टिल, न्यूमन हे चौघे तिला म्हणाले की बाकीच्यांना कमी कर आणि आमच्यावर भर दे, ती नाही म्हणाली, आणि मग हळूहळू ते निघून गेले, ते सगळं याच सुमाराला. हा प्रसंग प्रत्येक लेखात येतो. पण ज्यांना कमी करायचं होतं ते बाकीचे कोण, हे त्या लेखांमधे येत नाही, ते फक्त या फायलींच्या यादीत दिसतं, आणि माझ्या दृष्टीने सगळा खजिना तिथे आहे. हेड्डा स्टर्न, सोनिया सेकुला, ॲन रायन, पर्ल फाइन, रिचर्ड पूसेट-डार्ट, आल्फोन्सो ओसोरिओ (हा मूळचा फिलिपीन्समधला, स्वतः चित्रकार, आणि पोलॉकचं लॅव्हेंडर मिस्ट हे चित्र विकत घेणारा हाच). यांच्यापैकी कुणाचंही फोल्डर आधी उघडा.

बायकांची नावं शोधताना एक गोष्ट फार जपून करायला लागते. त्या काळी कागदोपत्री बाई नवऱ्याच्या नावाने असायची. बेटीने सुरुवातीला मिसेस कॉर्नेलियस सलिव्हन यांच्या गॅलरीत काम केलं, या म्हणजे मेरी क्विन सलिव्हन, न्यूयॉर्कचं मोमा, म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, ज्या तिघींनी काढलं त्यातल्या एक. नवऱ्याच्या नावामागे एवढी मोठी बाई दडलेली असते. तसंच मिसेस जॅक्सन पोलॉक म्हणजे ली क्रॅस्नर, मिसेस सॉल स्टाइनबर्ग म्हणजे हेड्डा स्टर्न, मॅरियन विलर्ड कधी विलर्ड तर कधी मिसेस जॉन्सन. खुद्द बेटी लग्नाआधी पियर्सन होती, आणि घटस्फोटानंतरही पार्सन्सच राहिली. आपल्याकडे आजीचं माहेरचं नाव शोधायला किती खटपट करावी लागते आठवा, अगदी तसंच. मी एका वहीत प्रत्येक बाईची सगळी नावं एकाखाली एक लिहून ठेवलीयेत, आणि सर्चमध्ये प्रत्येक नाव वेगळं टाकते. सोनियाचं स्पेलिंग पण दोन-दोन प्रकारे येतं, दोन्ही टाका.

तारखांचं सांगते. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ४/९/५१ म्हणजे ९ एप्रिल, आपण सवयीने ४ सप्टेंबर वाचतो. मी महिनाभर चुकीच्या तारखा एक्सेलमध्ये भरत होते, आणि उत्तर आधी आणि पत्र नंतर असं का होतंय ते कळेना. एखाद्या आकड्यात १३ किंवा त्याच्या वरचा दिवस दिसला की तिथून पडताळून घ्या. आणि गॅलरीचा सीझन सप्टेंबर-ऑक्टोबर ते मे-जून असा असतो, उन्हाळ्यात बंद, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये व्यवहार दिसला नाही तर कागद हरवले असं समजू नका. त्या महिन्यांत ती स्वतःची चित्रं काढायची, लाँग आयलंडवर साउथहोल्डला तिचा स्टुडिओ होता, तो शिल्पकार टोनी स्मिथने डिझाइन केलेला, तोही तिच्याच गोतावळ्यातला.

चित्रांच्या नावांचा गोंधळ तर विचारू नका. १९४८ पासून काही वर्षं पोलॉक चित्रांना नंबर द्यायचा, नावं नाही. नंबर १ असं लिहिलेलं दिसलं की ते कुठलं? १९४८ चं एक आहे, १९५० चंही एक आहे. १९४८ वालं जानेवारी १९४९ मध्ये पार्सन्सकडे लागलं तेव्हा नुसतं नंबर १ होतं, नंतर त्याला ए जोडला गेला आणि आज ते मोमात नंबर १ ए, १९४८ म्हणून आहे. १९५० चं नंबर १ म्हणजे लॅव्हेंडर मिस्ट, हे नाव समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्गने सुचवलेलं. नंबर ३० म्हणजे ऑटम ऱ्हिदम. म्हणून नावावर विसंबू नका, मापं बघा. मापं इंचांत असतात आणि चित्रांच्या बाबतीत उंची आधी, रुंदी नंतर. ऑटम ऱ्हिदम १०५ बाय २०७ इंच, म्हणजे पावणेनऊ फूट उंच आणि सव्वासतरा फूट रुंद, आमच्या हॉलची भिंतही पुरणार नाही. एवढाले कॅनव्हास तिने पुढच्या-मागच्या विक्रीचा भरवसा नसताना लावले, हे आकडे स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय पोटात उतरत नाही.

किमतींच्या बाबतीत पण घाई नको. एकाच चित्रापुढे तीन आकडे असू शकतात, भिंतीवर लावलेली किंमत, विम्यासाठी सांगितलेली किंमत, आणि गॅलरीचं कमिशन वजा जाऊन चित्रकाराच्या हातात पडलेले पैसे. कन्साइनमेंट असं लिहिलं असेल तर ते चित्र गॅलरीने विकत घेतलेलं नाही, विकायला ठेवून घेतलंय, विकलं तर पैसे नाहीतर परत. याला विक्री समजून बेरीज केलीत तर गॅलरी भलतीच श्रीमंत दिसायला लागेल. आणि पेन्सिलीने केलेल्या खुणा, खाडाखोड, समासातली टिपणं, यांचा स्क्रीनशॉट वेगळा ठेवाच.

पत्रांचं वाचन. आलेली पत्रं हाताने लिहिलेली, गेलेली पत्रं टाइप केलेली, त्यांची कार्बन कॉपी फाइलला लावलेली, पातळ कागदावर जरा फिसकटलेली. कार्बन आहे म्हणूनच आपल्याला दोन्ही बाजू ऐकू येतात, कृपया ती कंटाळवाणी म्हणून सोडू नका. अक्षर लागत नसेल तर त्याच माणसाची तीन-चार पत्रं सलग वाचा, त्याचा एस कसा, टी कसा हे डोळ्यात बसतं, मग पहिल्या पत्राकडे परत या. मोडी शिकलेल्यांना हे सांगायला नको. ज्यांना सराव करायचाय त्यांच्यासाठी स्मिथसोनियनचं ट्रान्स्क्रिप्शन सेंटर आहे, तिथे कुणीही व्हॉलंटियर म्हणून जुने कागद टाइप करून देऊ शकतं, माझं अक्षर वाचणं सुधारलं ते त्याच्यामुळेच.

आवाज ऐकायचा असेल तर त्याच आर्काइव्हमध्ये बेटीची मुलाखत आहे, १९६९ ची, पॉल कमिंग्जने घेतलेली, टाइप केलेला मजकूर साइटवर वाचता येतो. फार जिवंत आहे. पण आधी कागद वाचा आणि मग मुलाखत, उलटं नको. मुलाखत म्हणजे वीस-पंचवीस वर्षांनी आठवून सांगितलेलं, त्यात क्रम इकडचा तिकडे होतोच, कुणाचाही होतो. तुमच्याकडे तारखा आधीपासून असल्या की ती काय विसरली आणि काय घट्ट धरून ठेवलं ते समजतं.

नोंद ठेवायची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा. प्रत्येक स्क्रीनशॉटच्या फाइलच्या नावातच खोक्याचा नंबर, फोल्डरचा नंबर, फोल्डरचं नाव आणि कितवी इमेज ते लिहा. नंतर करू म्हणालात की संपलं, हजार फोटो आणि कुठला कुठून आला पत्ता नाही. लिहिताना संदर्भ द्यायचा तो असाच, कागदाचं वर्णन, तारीख, खोकं, फोल्डर, संग्रहाचं नाव, आर्काइव्हचं नाव. आणि वाचायला फुकट म्हणजे छापायला फुकट असं नाही हं. पत्राचा कागद आर्काइव्हकडे असला तरी त्यातल्या मजकुराचा हक्क ज्याने लिहिलं त्याच्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो, चित्रांच्या फोटोंचंही तेच. लेखात मोठा उतारा किंवा फोटो घ्यायचा असेल तर आधी आर्काइव्हला मेल करून विचारा. मेलमध्ये खोकं-फोल्डर नंबर दिलात की त्यांना नेमकं उत्तर देता येतं, नुसतं पार्सन्सबद्दल माहिती हवी असं लिहिलंत तर ते तरी काय सांगणार.

गायतोंडेंकडे परत यायचं तर त्यांच्यासाठी पार्सन्सच्या फायली नाहीत, विलर्डच्या बघायच्या. साठच्या दशकात त्यांची चित्रं विलर्ड गॅलरीत लागली होती, आणि त्या गॅलरीचे कागदही याच आर्काइव्हमध्ये आहेत. ग्रेव्ज आणि मॅरियन विलर्ड यांच्यातला पत्रव्यवहार ही सुरुवात. दुसरा धागा म्हणजे ज्या फेलोशिपवर गायतोंडे १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले ती जॉन डी. रॉकफेलर थर्ड फंडाची होती, त्या फंडाचे कागद न्यूयॉर्कजवळ स्लीपी हॉलोच्या रॉकफेलर आर्काइव्ह सेंटरमध्ये असतात. तिथे शोधताना गायतोंडे हे आडनाव टाकून थांबू नका, वासुदेव टाका, व्ही. एस. टाका, इंग्रजीत शेवटच्या ई शिवाय टाका, मधल्या टी नंतर एच घालून टाका, कारण आपली आडनावं तिकडच्या टायपिस्टने कानाला ऐकू आली तशी लिहिलेली असू शकतात. मी सध्या तिथवर पोचलेय, कुणी या स्पेलिंगांपैकी एखाद्यावर आधीच काम केलं असेल तर खोकं आणि फोल्डर नंबरासकट सांगा, मी माझी वही पाठवते.